'रायट अॅक्ट' वाचणे : एका इंग्रजी वाक्प्रचारामागचा कायदा

१/ इंग्रजी शिकणाऱ्यास 'टू रीड द रायट अॅक्ट' हा वाक्प्रचार प्रथम भेटतो, तेव्हा तो शब्दाला शब्द लावून पाहतो : दंगलीचा कायदा वाचणे. कथेतली आई मात्र मुलांना केवळ खडसावत असते. मग हा कायदा आला कुठून?

२/ १७१४ मध्ये हॅनोव्हर घराण्याचा पहिला जॉर्ज ब्रिटनच्या गादीवर आला. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या पक्षपात्यांना हे रुचले नाही. ठिकठिकाणी दंगे उसळले. ते मोडण्यासाठी संसदेने केलेला 'रायट अॅक्ट' १ ऑगस्ट १७१५ पासून अमलात आला.

३/ १२ वा अधिक माणसे जमून शांतताभंग करू लागली, की दंडाधिकाऱ्याने जमावासमोर जाऊन राजाच्या नावे ठरावीक जाहीरनामा मोठ्याने वाचायचा. त्यानंतर तासाभरात पांगणे भाग होते. न पांगणाऱ्यांना शिक्षा मृत्युदंडाची! पांगवताना कोणी दगावल्यास पांगवणारे मात्र निर्दोष.

४/ म्हणजे 'वाचणे' हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. जाहीरनाम्याच्या शेवटी 'देव राजाचे रक्षण करो' असे शब्द होते. १८३० च्या एका खटल्यात तेवढेच गाळले गेल्याने न्यायालयाने ते वाचन अपुरे ठरवले.

५/ १६ ऑगस्ट १८१९. मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकाराच्या मागणीसाठी सुमारे ६० हजार लोक जमले होते. कायदा वाचल्याचा दावा दंडाधिकाऱ्यांनी केला. गर्दीतील अनेकांच्या कानी तो पडलाच नाही. घोडदळ जमावात घुसले. सुमारे १५ जणांचा बळी गेला, शेकडो जखमी झाले. हेच 'पीटरलू'.

६/ इंग्लंडमध्ये हा कायदा १९६७ च्या अधिनियमाने रद्द झाला. भाषेत तो उरला, पण धार बोथट होऊन : 'आता शेवटची ताकीद' एवढ्याच अर्थाने.

७/ आपल्याकडचा 'ध चा मा करणे' आठवा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातील 'धरावे'चे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही आख्यायिका. पेशवाईचा इतिहास ठाऊक नसलेल्या परभाषकास ही दोन अक्षरे काय सांगणार?

८/ एक सावधगिरी मात्र हवी. 'रायट अॅक्ट'मागे छापील कायदा आहे. 'ध चा मा'मागे लोकस्मृती. वाक्प्रचार इतिहासाकडे बोट दाखवतो. पुरावा आपल्यालाच शोधावा लागतो.

इतिहास पोटात घेतलेला असा कोणता वाक्प्रचार तुम्हाला ठाऊक आहे? खाली अवश्य लिहा.