लाकूड कुजवणाऱ्या बुरशी : ओळख व साम्यभेद (वर्धा जिल्हा)

लाकडातील सेल्युलोज व लिग्निन पचवून जगणाऱ्या बुरशींचा गट. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातील बोर धरणाभोवतीचे साग, ऐन व बांबूचे पानगळीचे जंगल हे त्यांचे मोठे घर. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेले हे जंगल वाघांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले पडलेले खोड मातीला परत मिळते ते मात्र मुख्यतः या बुरशींमुळे.

कुजीचा प्रकार आधी पाहावा. श्वेतकुजीत लिग्निनही पचते व लाकूड फिके, तंतुमय होते. तपकिरी कुजीत लिग्निन मागे उरते; लाकूड काळपटून चौकोनी भेगांनी तडकते व चिमटीत चुरा होते. वाळवीने पोखरलेल्या लाकडात मातीचे लिंपण व पोकळ नळ्या सापडतात, कुजलेल्यात नाही. वाळवीचे औषध मारून कूज थांबत नाही. लाकूड कोरडे ठेवावे लागते.

बुरशीच्या छत्राचा रंग ऊन-पावसाने बदलतो, म्हणून छत्र उलटून खालची बाजू पाहणे हीच खरी ओळख. रंगीत पट्ट्यांच्या ट्रॅमेटीसला खाली बारीक छिद्रे असतात. तशाच पट्ट्यांचे स्टिरियम खालून सपाट असते. हेक्सागोनियाची छिद्रे मोठी व षट्कोनी. लहान, पांढरट, केसाळ शिझोफायलम कम्यूनचे खालचे पातळ पडदे कडेला उभे दुभंगलेले दिसतात. ही खूण सहसा फसवत नाही.

सर्वाधिक घोटाळा होतो गॅनोडर्मा आणि फेलिनस यांत. दोन्ही कठीण, तपकिरी व वर्षानुवर्षे टिकणारी असू शकतात. गॅनोडर्मा ल्युसिडमला वार्निश केल्यासारखी चकाकी असते, पण गॅनोडर्मा अप्लॅनॅटमला ती नसते आणि तिथेच नजर चुकते. त्याची ताजी खालची बाजू पांढरी असते व नखाने ओरखडताच तपकिरी होते. फेलिनसची तपकिरीच असते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने फेलिनसचा गर काळा पडतो, पण गॅनोडर्माचाही गडद होतो, त्यामुळे केवळ या चाचणीवर निर्णय देऊ नये. सूक्ष्मदर्शकाखाली गॅनोडर्माचे बीजाणू दुहेरी भिंतीचे व एका टोकाला छाटलेले दिसतात. एवढे पाहिले की शंका उरत नाही.

पावसाळ्यात वारुळापाशी उगवणाऱ्या सात्या नावाच्या अळंब्या या गटातल्या नव्हेत. त्यांचा दांडा जमिनीत खोल वाळवीच्या घरापर्यंत जातो. ओंडक्यावर उगवलेली पांढरी अळंबी सात्या समजून कधीही खाऊ नये.