सर्व्हायव्हिन

मानवी कोशिकांतील एक लहान प्रथिन. कोशिका-विभाजन व नियोजित कोशिकामृत्यू या परस्परविरोधी भासणाऱ्या दोन्ही क्रियांशी ते निगडित आहे. ते १४२ ॲमिनो अम्लांचे असून त्याचा रेणुभार सु. १६,५०० आहे. त्याचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असते.

इतिहास : जॉन केर, अँड्र्यू वायली व ॲलेस्टेअर करी यांनी १९७२ मध्ये नियोजित कोशिकामृत्यूला ‘ॲपॉप्टोसिस’ ही संज्ञा दिली. या मृत्यूला रोध करणारी प्रथिने १९९३ मध्ये प्रथम कीटकांच्या व्हायरसांत आढळली. त्यांच्याशी सजातीय असलेले सर्व्हायव्हिन १९९७ मध्ये दारिओ आल्टिएरी व त्यांचे सहकारी यांनी येल विद्यापीठात शोधून काढले. बहुतेक कर्करोगांत ते विपुल, तर प्रौढांच्या बहुतेक निरोगी ऊतकांत अत्यल्प असते. त्यामुळे त्याच्याकडे विशेष लक्ष वेधले गेले. ते मुख्यतः विभाजनाच्या वेळीच तयार होते, असे १९९८ मध्ये दिसून आले. यीस्टमधील सजातीय प्रथिनही विभाजनास आवश्यक ठरल्याने त्याचे मूळ कार्य कोणते, असा प्रश्न निर्माण झाला.

संरचना : २००० मध्ये ला होया येथील सॉल्क इन्स्टिट्यूटमधील मार्क व्हर्डेशिया, जोसेफ नोएल व सहकारी यांनी क्ष-किरण विवर्तनाने त्याची स्फटिक संरचना २·५८ अँगस्ट्रॉम विभेदनापर्यंत निश्चित केली. त्याच वर्षी ग्रनॉबल येथील गटानेही ती प्रसिद्ध केली. रेणूच्या अग्रभागी तीन सिस्टिने व एक हिस्टिडीन यांनी जखडलेला जस्ताचा आयन असलेला घडीदार भाग असतो; दुसऱ्या टोकास लांब सर्पिल दांडा असतो. स्फटिकात दोन रेणू जोडले जाऊन ‘बो-टाय’सारखी आकृती होते. सजातीय प्रथिनांत मृत्युकारक कॅस्पेज एंझाइमांना अडविणारा जोडभाग यात नाही. त्यामुळे ते त्यांना प्रत्यक्षपणे रोखते, या कल्पनेस बाधा आली.

कार्य : २००७ मध्ये जेयप्रकाश, एलेना काँटी व सहकारी यांनी सर्व्हायव्हिन, बोरिअलिन व इनसेन्प यांच्या जटिलाची संरचना निश्चित केली. तीत तिघांचे सर्पिल दांडे एकत्र गुंफलेले असून, दोन सर्व्हायव्हिन रेणू जेथे जुळतात ती जागा बोरिअलिनने व्यापलेली आढळली. म्हणजे विभाजनाच्या कार्यात सर्व्हायव्हिन जोडीने नव्हे, तर एकेकटे भाग घेते. हे जटिल ऑरोरा बी या एंझाइमास गुणसूत्रांच्या मध्यबिंदूपाशी नेते. तेथे सर्व्हायव्हिन फॉस्फेटयुक्त हिस्टोन एच-३ ला चिकटते, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. ते नसल्यास गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि उंदरांचे भ्रूण अगदी प्रारंभिक अवस्थेतच मरतात.

महत्त्व : कर्करोगावरील उपचारांसाठी हे प्रथिन आकर्षक लक्ष्य ठरले आहे. तथापि निरोगी विभाजनशील कोशिकांनाही त्याची गरज असल्याने त्याला पूर्णपणे निष्प्रभ करणारे औषध अपायकारक ठरण्याची शक्यता असते.