बेलोउसोव यांचं चंचुपात्र

उष्मागतिकीचा दुसरा नियम शिकवायला घेतला की वर्गातून एक प्रश्न हमखास यायचा : सगळं विस्कटण्याकडेच चाललंय, तर मग जीव निर्माण झाला कसा? मी तेव्हा खडू खाली ठेवून बोरिस बेलोउसोव यांची हकिकत सांगत असे.

1951च्या सुमारास मॉस्कोत हे रसायनतज्ज्ञ पेशीतल्या क्रेब्ज चक्राची, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीची, नक्कल चंचुपात्रात करू पाहत होते. सायट्रिक आम्ल, ब्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल आणि उत्प्रेरक म्हणून सेरियम. द्रावण पिवळं झालं, रंग उडाला, पुन्हा पिवळं झालं. असा खेळ चालूच राहिला. संपादकांनी लेख परत धाडला : हे अशक्य आहे. काही वर्षांनी आणखी पुरावा जोडून पाठवला, तरी पूर्ण लेख छापायला कोणी राजी होईना. अखेर 1959मध्ये किरणोत्सर्ग-वैद्यकाच्या एका सारांशसंग्रहात, म्हणजे अडगळीतच, दोन-तीन पानं छापून आली. अमेरिकेत विल्यम ब्रे यांनी 1921मध्ये असंच काही नोंदवलं होतं. त्याचं खापर लोकांनी धुळीवर फोडलं.

संपादकांना वाटलं, अभिक्रिया लंबकासारखी समतोल ओलांडून मागे येतेय. तसं झालं असतं तर दुसरा नियम खरोखरच मोडला असता. इथे मात्र मुक्त ऊर्जा, म्हणजे कामी लावता येणारी ऊर्जा, सतत घटतच असते. वरखाली होतात ते मधले पदार्थ. ब्रोमस आम्ल स्वतःचीच निर्मिती वाढवत नेतं, ब्रोमाइड त्याला लगाम घालतं. कच्चा माल संपला की रंगही थांबतात. नियम शाबूत होता, तो लावणाऱ्यांची घाई नडली.

1961पासून झाबोटिन्स्की या तरुण विद्यार्थ्याने हे काम पुढे नेलं, सायट्रिकऐवजी मॅलोनिक आम्ल वापरलं. 1968च्या प्राग परिषदेत पाश्चात्त्यांना ते कळलं. समतोलापासून दूर, ऊर्जेच्या प्रवाहात रचना आपोआप उभ्या राहू शकतात, हा रसायनतज्ज्ञ प्रिगोजिन यांचा सिद्धांत; त्याचा हा डोळ्यांना दिसणारा दाखला ठरला. प्रिगोजिन यांना 1977मध्ये नोबेल मिळालं. बेलोउसोव 1970मध्येच वारले. 1980च्या लेनिन पुरस्कारात त्यांचं नाव आलं ते मरणोत्तर.

जीवाचं कोडं यातून सुटलं, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या पात्रात ना पेशीचं आवरण, ना आनुवंशिकता. पण जीवाच्या जन्माला भौतिकशास्त्राची मनाई आहे, ही सबब मात्र तिथे कायमची निकालात निघाली.