ग्लिसरीन
ग्लिसरीन (ग्लिसरॉल) हे रंगहीन, गंधहीन, दाट व गोड द्रव्य त्वचाप्रसाधनांत आर्द्रताधारक म्हणून वापरतात. ते पाणी खेचून त्वचेच्या बाह्यस्तरात धरून ठेवते. मात्र कोरड्या हवेत निव्वळ ग्लिसरीन त्वचेतीलच पाणी ओढू शकते, म्हणून ते पाण्यात मिसळून लावतात. डहाणू-तलासरी परिसरात आढळणाऱ्या मोहाच्या बियांच्या तेलातही ग्लिसरीन असते, पण मेदाम्लांशी बद्ध. साबण करताना ते मोकळे होते. हे तेल ओलावा खेचत नाही, केवळ उडू देत नाही.

शुद्ध ग्लिसरीन सामान्यतः निर्धोक मानले जाते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेले ग्लिसरीन औषध म्हणून दिल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. दोन्ही द्रव्ये रंगहीन व गोड असल्याने ही भेसळ नजरेने वा चवीने ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील परीक्षणच लागते.