मृगातला तेजोमेघ आणि दहा हजार रुपये

खांडबाऱ्यासारख्या गावी राहणाऱ्याला आकाश वेगळे शोधावे लागत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे आमचे छोटे स्टेशन. शेवटची गाडी नंदुरबारकडे गेली, फलाटावरचे दिवे मागे पडले, की पौष-माघात पूर्वेकडून वर आलेले मृग नक्षत्र सहज नजरेत भरते. इथल्या शेतकऱ्याला मात्र ‘मृग’ म्हटले की जून आठवतो, पहिला पाऊस आणि पेरणी आठवते. गंमत अशी की तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो आणि त्यामुळे ते रात्री दिसत नाही. न दिसणाऱ्या मृगावर वर्षाची सारी आशा, आणि दिसणाऱ्या मृगाकडे कुणाचे लक्ष नाही, असा हा प्रकार आहे.

लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ वर्गात शिकवताना हे सांगावे लागते. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात टिळकांनी वसंतसंपात मृग नक्षत्रात असतानाच्या काळाचा आधार घेऊन वेदांचे प्राचीनत्व मांडले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे पुणे आणि आकाश यांचा संबंध आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो तो या दोन ग्रंथांपुरता. फार तर त्याआधीच्या केरो लक्ष्मण छत्र्यांचे नाव घेतो. तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी केलेले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत देणारे आणि टिळकांना गणित शिकवणारे हे केरूनाना. इथे आमची यादी संपते.

याच काळात, याच पुण्यात, आणखी एक माणूस मृगाकडेच पाहत होता. त्याला वेदांचा काळ ठरवायचा नव्हता. मृगातल्या तेजोमेघातून येणारा हिरवट प्रकाश कशाचा आहे, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. एम.ए.च्या वर्गात आम्ही स्वतः बसलो होतो तेव्हा हे नाव आमच्या कानी पडले नव्हते, आणि पुढे शिकवायला लागल्यावरही कितीतरी वर्षे पडले नाही. एका दुर्बिणीच्या पैशांची गोष्ट वाचत असताना ते समोर आले. तीच गोष्ट येथे सांगायची आहे.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तेथेच भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी त्यांना वर्णपटशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम घातली. असे दहा हजार जमले. मूळ बेत कॉलेजातल्या एका प्रयोगशाळेचा होता, वेधशाळेचा नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८८४ मध्ये उपकरणे घेण्यासाठी नायगमवाला इंग्लंडला गेले. तिथे राजज्योतिषी आणि नॉर्मन लॉकियर यांच्याशी बोलणी झाली, आणि प्रयोगशाळेऐवजी वर्णपटाच्या अभ्यासाला वाहिलेली वेधशाळाच उभारावी असा विचार पक्का झाला. १८८५ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. त्यांच्या मागोमाग योजनाही पुण्याला आली, आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या आवारात ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली.

वर्णपटाचा अभ्यास म्हणजे काय, हे साहित्याच्या वाचकासाठी थोडक्यात सांगायला हवे. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की तो रंगांच्या पट्ट्यात पसरतो आणि त्या पट्ट्यात बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात. त्यामुळे तारा कशाचा बनला आहे हे त्याच्या प्रकाशावरूनच वाचता येते. अडचण एवढीच, की आधीच क्षीण असलेला प्रकाश पसरवल्यावर अधिक क्षीण होतो. म्हणून मोठी दुर्बीण लागते. वेधशाळेचे मुख्य यंत्र पुढे ज्या रूपात नावाजले, ती डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची वीस इंची परावर्ती दुर्बीण होती. वीस इंचांचा आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सुमारे पाच हजार पट प्रकाश गोळा करतो. पुढे कित्येक दशके देशात याहून मोठी दुर्बीण नव्हती.

या दुर्बिणीला एक सवय होती, आणि आमच्या मते ती या साऱ्या गोष्टीचे मर्म आहे. काचेच्या आरशावर चांदीचा पातळ मुलामा असे. चांदी हवेने काळवंडते, पावसाळी हवेत तर लवकरच. मग मुलामा काढायचा, आरसा धुवायचा, नव्याने चांदी चढवायची. घरातल्या चांदीच्या भांड्यांसारखेच हे काम. पण भांडे काळे पडले तर पाहुण्यांपुढे संकोच वाटतो, आणि आरसा काळा पडला तर आकाशच बंद होते. देणगी दुर्बिणीच्या खरेदीसाठी मिळते. काळवंडणाऱ्या चांदीसाठी वर्षानुवर्षे पैसे देणारा दाता विरळा.

आता तेजोमेघाकडे वळू. लॉकियर यांचे मत असे होते की तेजोमेघाच्या वर्णपटातली सर्वांत ठळक हिरवी रेषा ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला भाग आहे. तसे असते तर ती एका बाजूला पसरट, अंधुक दिसायला हवी होती. नायगमवाला यांनी पुण्याहून मृगातल्या तेजोमेघाचे वेध घेतले आणि १८९१ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला, की ही रेषा कोणत्याही परिस्थितीत रेखीवच दिसते. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध हा पुरावा होता. गुरुस्थानी असलेल्या माणसाबद्दलचा आदर आणि डोळ्यांना दिसलेली रेषा यांत त्यांनी रेषेची बाजू घेतली. लॉकियर यांचे मत पुढे टिकले नाही. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले.

म्हणजे १८९१ ते १८९३ या दोन वर्षांत पुण्यात मृगाची दोन वाचने झाली. एक प्राचीन ऋचांच्या आधारे, दुसरे काचेच्या लोलकाच्या आधारे. पहिले आमच्या परंपरेत मुरले, त्यावर वाद झाले, अनुवाद झाले. दुसरे लंडनच्या नियतकालिकात छापले गेले आणि आमच्यापुरते तिथेच राहिले. ‘ओरायन’ही इंग्रजीतच लिहिलेला होता, तेव्हा केवळ भाषेला दोष देता येणार नाही. टिळकांच्या विषयामागे तो मराठीत वाहून आणणारे वाचक, शिष्य आणि वृत्तपत्रे होती. नायगमवाला यांच्या वर्णपटामागे असे कोण होते?

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. लॉकियर विजयदुर्गावर आले. हेलियमचा शोध विजयदुर्गावर १८६८ मध्ये लागला अशी जी समजूत आहे तिचे मूळ बहुधा या भेटीत असावे. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे तळ दिला. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले होते. त्या दिवशी ‘ओरायन’चे लेखक राजद्रोहाची शिक्षा भोगत तुरुंगात होते. पुण्याने आदल्याच वर्षी प्लेगचा कहर सोसला होता. अशा काळातही एका स्थानिक कॉलेजचा प्राध्यापक यंत्रे घेऊन माळरानावर जातो आणि १९०२ मध्ये त्या वेधांचा सविस्तर अहवाल छापतो. तो त्या वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड होता.

जेऊरच्या माळावर शेजारी उभ्या राहिलेल्या या दोन वेधशाळांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. लिक वेधशाळाही १८८८ चीच. जेम्स लिक या धनिकाने तिच्यासाठी सात लाख डॉलर ठेवले, आणि त्याचे दफनही मोठ्या दुर्बिणीच्या पायाखालीच झाले. बांधकाम पुरे होताच वेधशाळा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यात आली. दात्यापाठोपाठ संस्था आली आणि संस्थेत एकामागून एक माणसे आली. आकड्यांतला फरक एवढा मोठा आहे की रकमांची तुलना करणे अन्यायाचे होईल. पण दात्यानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर तिथे आधीच लिहून ठेवलेले होते, हे महत्त्वाचे.

पुण्यात ते लिहिलेले नव्हते. तख्तसिंहजी १८९६ मध्ये वारले. १९११ मध्ये कॉलेज ऑफ सायन्सचे नाव बदलून ते अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. त्याची दिशाही तोवर ठरून गेली होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळा बंद झाली. दुर्बीण आणि इतर यंत्रे दक्षिणेत कोडाईकनालला पाठवण्यात आली. तिथल्या वेधशाळेचे मुख्य काम सूर्याचा अभ्यास हे होते. नायगमवाला पुढे १९३८ पर्यंत हयात होते. आपल्या दुर्बिणीविना त्यांनी सव्वीस वर्षे काढली.

दुसरा मार्ग आपल्याकडे अगदीच अज्ञात होता असेही नाही. निजामाच्या राज्यात, ज्यात तेव्हा मराठवाडाही होता, नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादला स्वखर्चाने वेधशाळा काढली. पंधरा इंची दुर्बीण ग्रब यांचीच. नवाब वारल्यावर १९०८ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली, १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे सोपवली, आणि त्याच विद्यापीठाने १९६८ मध्ये रंगापूरला ४८ इंची दुर्बीण बसवली. हौशी नवाबाची दुर्बीण विद्यापीठाची झाली म्हणून तिला वारस मिळाला. पुण्याची दुर्बीण एका प्राध्यापकाची राहिली.

वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या आवारात जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ स्थापन झाली. २००६ मध्ये जुन्नरजवळ गिरवली येथे तिची दोन मीटरची दुर्बीण सुरू झाली. २०२५ मध्ये नारळीकर गेले. संस्था चालू आहे. या वेळी पैसा विद्यापीठ अनुदान आयोगाचा होता आणि रचना एका माणसाच्या निवृत्तीवर टांगलेली नव्हती. शिवाय नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिल्या, मराठीत आत्मचरित्र लिहिले, ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आमच्या विद्यार्थ्यांना आयुका ठाऊक आहे ती बहुतांशी त्यांच्या पुस्तकांमधून. दुर्बिणीला अनुदान लागते तसे वाचकही लागतात, हे आम्हां भाषेच्या शिक्षकांना यातून शिकण्यासारखे आहे.

आमच्या भागातल्या एखाद्या महाविद्यालयाने उद्या दुर्बिणीसाठी देणगी मागितली तर अर्जात दोन आकडे असावेत: यंत्राची किंमत, आणि पुढच्या वीस वर्षांची देखभाल. तिसरी ओळ मराठी विभागाने लिहावी. दरवर्षी एका विद्यार्थ्याने त्या दुर्बिणीतून काय पाहिले ते आपल्या भाषेत लिहून ठेवायचे. ती भाषा मराठी असो वा मावची. नायगमवाला यांच्या वेधशाळेत एवढी एक वही असती, तर आम्हांला त्यांचे नाव कळायला शंभर वर्षे लागली नसती.