पट्टकृमी : पोटातून मेंदू आणि मणक्यापर्यंत

फिट येऊ लागलेल्या रुग्णाच्या मेंदूत पट्टकृमीची अळी आहे, असे निदान झाले की, 'आम्ही तर शुद्ध शाकाहारी', ही घरच्यांची पहिली प्रतिक्रिया असते. 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचा संबंध डुकराच्या मांसाशी जोडला जात असला, तरी शाकाहारी व्यक्ती त्यापासून सुरक्षित आहेत असे मुळीच नाही. हा कृमी आढळणाऱ्या प्रदेशांतील अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये विकाराचे मूळ या संसर्गात असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारत अशाच प्रदेशांपैकी एक आहे.

संसर्गाचे दोन मार्ग

'टेनिया सोलियम' या पट्टकृमीचे जीवनचक्र माणूस आणि डुक्कर यांच्यात पूर्ण होते. अर्धवट शिजलेल्या मांसातील अळी पोटात गेल्यास ती आतड्याला चिकटते व तेथे काही मीटर लांबीचा कृमी वाढतो. त्याचा त्रास बहुधा जाणवत नाही. मात्र त्या व्यक्तीच्या विष्ठेतून हजारो अंडी बाहेर पडत राहतात.

मेंदूचा आजार होतो तो या अंड्यांमुळे. अस्वच्छ हात, दूषित पाणी किंवा न धुतलेल्या भाज्यांवाटे ती पोटात गेली की, त्यांतून बाहेर पडलेले सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि स्नायू, डोळे व मेंदूत कोश करून राहतात. थोडक्यात, मांसातून पट्टकृमी होतो, तर मेंदूतील कोश मानवी विष्ठेतील अंड्यांमुळे होतात. कोबीतील हिरवी अळी मेंदूत जाते, हा समजही चुकीचा आहे. त्या अळीचा पट्टकृमीशी काहीही संबंध नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९९० व १९९१ या वर्षांत डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या सनातनी ज्यू समाजातील चौघांना हा आजार झाल्याचे आढळले. त्यांच्या घरी काम करणाऱ्यांची तपासणी केली असता एकाच्या आतड्यात पट्टकृमी असल्याचे निष्पन्न झाले.

लक्षणे

मेंदूतील कोश अनेक वर्षे गुपचूप राहू शकतो. तो मरू लागला की शरीराची प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते, भोवती सूज येते आणि फिट येऊ लागतात. तीव्र डोकेदुखी, उलट्या, दृष्टी अंधुक होणे ही अन्य लक्षणे होत. मेंदूतील द्रवाचा मार्ग अडल्यास जिवाला धोका संभवतो.

मणक्यातील संसर्ग तुलनेने दुर्मिळ आहे. मेंदूच्या तळाशी असलेले कोश द्रवाबरोबर खाली उतरून मज्जारज्जूभोवती साचतात. क्वचित मज्जारज्जूतच कोश तयार होतो. जागा अरुंद असल्याने लहानसा कोशही नसा दाबतो. पाठदुखी, पायात उतरणारी कळ, पायांतील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे दिसतात. साध्या पाठदुखीसारखा भासणारा हा आजार म्हणूनच उशिरा लक्षात येऊ शकतो.

निदान व उपचार

सीटी स्कॅन व एमआरआय यांवर निदान अवलंबून असते. मणक्यासाठी एमआरआय अधिक उपयुक्त ठरतो. भारतीय रुग्णांच्या स्कॅनमध्ये दिसणारी एकच लहान गाठ पूर्वी क्षयाची समजली जाई व तसे उपचारही होत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा त्यांतील अनेक गाठी पट्टकृमीच्या असल्याचे स्पष्ट झाले.

उपचारात फिट थांबवणाऱ्या औषधांना प्राधान्य असते. अल्बेन्डाझोल किंवा प्राझिक्वान्टेल ही कृमिनाशके सहसा स्टेरॉइडच्या आवरणाखाली दिली जातात, कारण कोश मरताना सूज वाढते. डोळ्यात कोश असल्यास हेच औषध दृष्टीला घातक ठरू शकते. त्यामुळे आधी नेत्रतपासणी करतात. कॅल्शियम साचून कठीण झालेल्या मृत कोशांना कृमिनाशकाची गरज नसते. मणक्यातील काही रुग्णांना शस्त्रक्रिया करावी लागते. दुकानातून जंताची गोळी आणून स्वतःच घेणे अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

प्रतिबंध

* शौचानंतर आणि स्वयंपाक व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.
* कच्च्या खायच्या भाज्या व फळे स्वच्छ वाहत्या पाण्यात धुवावीत. शिजवल्याने अंडी नष्ट होतात.
* डुकराचे मांस पूर्ण शिजवूनच खावे.
* विष्ठेतून चपटे पांढरे तुकडे पडत असल्यास डॉक्टरांकडे जावे. अशा व्यक्तीवर वेळीच उपचार केल्यास ती स्वतः आणि तिचे कुटुंबीय, दोघेही वाचतात.

हा रोग निर्मूलन करता येण्याजोगा आहे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने १९९३ मध्येच नमूद केले होते. डुकरांसाठीची लस हैदराबादमध्ये तयार होते. तथापि, उघड्यावरील शौच आणि मोकाट डुकरे यांची साखळी तुटत नाही, तोवर केवळ लस पुरेशी ठरणार नाही.