येवल्याच्या ललिता पवार

खाष्ट सासू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ललिता पवार येतात. पण त्या आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या, येवल्याच्या, हे किती जणींना ठाऊक आहे?

१९१६ साली त्यांचा जन्म झाला. नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण कापडाचे व्यापारी. चांगल्या घरच्या बायकांनी सिनेमात जायचं नाही, असा तो काळ. तरी अंबा लहानपणीच मूकपटात आली आणि पुढे नायिका झाली. १९३२च्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीतही तिचा वाटा होता.

१९४२ साली एका चित्रीकरणात थप्पड मारायचा प्रसंग होता. समोर भगवान दादा. हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारात तीन वर्षं गेली. नायिकेची कामं संपली.

घरी बसायला कारण पुरेसं होतं. पण ललिताबाईंनी दुय्यम भूमिका घेतल्या आणि त्या इतक्या ताकदीने केल्या की लोक नायिकेआधी त्यांना ओळखू लागले. व्ही. शांतारामांच्या १९५०च्या ‘दहेज’मध्ये त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या. त्या सासूचा राग येतो, म्हणूनच हुंड्याचाही राग येतो. १९५९च्या ‘अनाडी’मध्ये वरून कडक, आतून मायाळू मिसेस डिसा साकारल्या आणि सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८७ साली ‘रामायण’ मालिका आली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई मंथरा होत्या. १९९८ साली पुण्यात त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मात्र आपण बोललीच पाहिजे. सिनेमाने सासू म्हणजे वाईट, असा शिक्काच मारला. आपल्या पिंपळगावच्या गटांत सासू-सुना एकाच सतरंजीवर बसतात, एकाच वहीत दोघींची बचत लिहिली जाते. पडद्यावरची सासू पडद्यावरच राहू द्या. हुंडा मागणारी मात्र खऱ्या घरातही असते. तिथे गप्प बसायचं नाही.

आणि आणखी एक. द्राक्षाच्या पॅकिंगला जाणारी, आजारपणातून उठलेली, नवरा गेलेली आपली कोणी मैत्रीण म्हणते, ‘आता माझं काय राहिलं?’ तिला ललिताबाईंची गोष्ट सांगा. त्यांचं मोठं काम त्या थपडेनंतरच झालं.